भरती कोणाला कळते?

भाईंदरच्या खाडीत रोज साधारण दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. उल्हास नदी समुद्राला मिळते ती हीच खाडी. पलीकडच्या काठावर नायगाव-वसई, अलीकडे आपण. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडतो आणि काही तास तिथे मोठी वर्दळ सुरू होते. बिळांतून इवले खेकडे बाहेर येतात; नरांची एक नांगी इतकी मोठी, की तो सबंध खेकडाच त्या नांगीला चिकटलेला वाटावा. निवट्या चिखलावर उड्या मारतात. बगळे येऊन उभे राहतात. आणि तिकडे उत्तनच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या निघण्याच्या नाहीतर परतण्याच्या बेतात असतात.

भरती-ओहोटीची वेळ या सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते ठाऊक असणं प्रत्येकाचं वेगळं आहे, इतकं वेगळं, की प्राण्यांची बुद्धी आणि माणसाची बुद्धी शेजारी ठेवून बघायची तर याच काठावर उभं राहून बघावी असं मला वाटतं. माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. शिकणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मात्र निवृत्तीनंतर राई-मुर्ध्याच्या रस्त्याने, मिठागरांच्या कडेने फिरताना मला खऱ्या अर्थाने पडला आणि अजून सुटलेला नाही.

खेकड्यापासून सुरुवात करतो. अशा एकनांगी खेकड्यांना परदेशातल्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यापासून उचलून प्रयोगशाळेत ठेवलं. तिथे उजेड सतत सारखा, तापमान सारखं, भरती-ओहोटीचा मागमूस नाही. तरी कित्येक दिवस ते खेकडे सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी चळवळ करू लागत, आणि ती वेळ त्यांच्या किनाऱ्यावरच्या ओहोटीची असे. समुद्राचं घड्याळ त्यांच्या शरीरातच आहे. त्यांना भरती शिकवावी लागत नाही, आणि विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. ज्या खेकड्यांचं हे आतलं घड्याळ चुकलं ते भलत्या वेळी बाहेर पडले आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडी गेले. ज्यांचं बरोबर चाललं त्यांचे वंशज आज आपल्या चिखलात वावरताहेत. म्हणजे धडा गिरवला तो सगळ्या जातीने मिळून, लाखो वर्षं. एकट्या खेकड्याच्या वाट्याला फक्त उत्तर आलं आहे.

बगळ्याचं तसं नाही. तो रात्री खाडीपासून लांब झाडावर वस्तीला असतो आणि सकाळी कधी निघायचं हे त्याला रोज ठरवावं लागतं. भरती दररोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज उपयोगाची नाही. छोटा बगळा उथळ पाण्यात एक पाय थरथरवतो, दडलेलं काहीतरी बिचकून हलतं आणि त्याची चोच सुटते. पाय हलवण्याची ओढ त्याला जन्मतः असेलही; पण कुठल्या वळणावर, किती पाण्यात, उतरत्या पाण्याच्या कुठल्या घडीला उभं राहायचं, हे त्याला उपाशी राहून कळतं. बगळ्यांच्या कुळातली कोवळी पोरं पहिल्या वर्षी प्रौढांपेक्षा कमी भक्ष्य पकडतात, हे निरीक्षणांतून दिसलेलं आहे. जाणत्या बगळ्यांच्या मागे उडत गेलं की त्यांना जागा सापडते, पण चोच कधी मारायची हे मागे उडून कळत नाही. म्हातारा बगळा मेला की त्याने कमावलेलं जवळजवळ सगळं त्याच्याबरोबर जातं.

आता कोळी. उत्तन, पाली, चौक या भागात डोलीची मासेमारी मोठी. डोल म्हणजे पाण्यात एका जागी रोवून ठेवलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड प्रवाहाकडे करायचं; पाणीच बोंबील, जवळा, मांदेली आत आणून भरतं. पाणी फिरण्याआधी जाळं उचललं नाही तर मेहनत वाया. उधाणाला ओढ जोराची म्हणून मासळी जास्त, भांगाला पाणी मंद म्हणून कमी. हे सगळं वेळेवर चालतं, आणि ती वेळ कशी काढतात हे मी तिथल्या एका वयस्कर कोळीबाबांना विचारलं होतं.

“मास्तर, तिथीची पाऊणपट करा,” ते म्हणाले. “आज अष्टमी ना? आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती.”

“आणि पुनवेला?”

“पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून बाराच्या मधे पाणी भरतं.”

“बाबा, पण पाऊणपटच का?”

“ते काय आम्हाला माहीत नाय. बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने सांगितलं. पण बरोबर येते.”

ते ख्रिस्ती. रविवारी न चुकता चर्चला जाणारे. पण समुद्राचा हिशेब तिथीवरच. त्यांचं उत्तर ऐकून मी घरी आलो आणि कागदावर आकडे मांडले. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच उशिरा येते. चोवीस तासांना तीस तिथींनी भागलं तर एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. पाऊणपट म्हणजे पंचेचाळीस. तोंडी करायच्या हिशेबात याहून नेमकं काय हवं? कुणीतरी, केव्हातरी, या किनाऱ्यावर चंद्र आणि पाणी यांची सांगड घातली. त्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. कोळीबाबांना कारणही ठाऊक नाही. तरी हिशेब त्यांच्या हाती शाबूत आहे. माणसाच्या शिकण्यातला सगळ्यात विलक्षण भाग मला इथे दिसतो: ज्याचं कारण आपल्याला कळलेलं नाही तेही आपण विश्वासाने घेतो, जपतो आणि पुढे देतो.

प्राणी हे करत नाहीत का? हा प्रश्न व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या दोघांनी एका साध्या पेटीने तपासला. २००५ साली त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. पेटीत खाऊ. शिकवणारा माणूस आधी काठीने पेटीच्या वरच्या भोकात टोचतो, मग समोरचं दार उघडून खाऊ काढतो. वरच्या टोचण्याचा खाऊशी काहीही संबंध नसतो. युगांडातल्या न्गाम्बा बेटावरच्या चिंपांझींना काळी, आतलं न दिसणारी पेटी दाखवली तेव्हा त्यांनी दोन्ही कृती केल्या. मग तीच पेटी पारदर्शक करून दाखवली. वर टोचून काही होत नाही हे दिसताच चिंपांझींनी ते सोडलं आणि सरळ दाराला हात घातला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र पारदर्शक पेटीतही आधी वर टोचलं आणि मग दार उघडलं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी मुलांना अगोदर नीट समजावून सांगितलं की निरर्थक कृती करू नका; तरी मुलं करतच राहिली.

पहिल्यांदा हे वाचलं की चिंपांझी हुशार आणि मूल भाबडं वाटतं. चिंपांझी कारण बघतो, मूल माणसाकडे बघतं. पण कोळीबाबांची पाऊणपट आठवली की मला त्या मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. जगात फार थोड्या पेट्या पारदर्शक असतात. उत्तनला बोंबील वाळवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर टांगतात. दहा वर्षांची पोर आईशेजारी उभी राहून ते करते. असंच का, हे तिने विचारलेलं नसतं. हात तसे चालू लागतात आणि कारण मागाहून कधीतरी कळतं, किंवा कळतही नाही. कारण कळल्याशिवाय काही उचलायचंच नाही असं आपण ठरवलं असतं, तर प्रत्येक पिढीला डोल नव्याने विणायला शिकावं लागलं असतं, आणि एका आयुष्यात तेवढा वेळ नसतो. याच वाटेने अंधश्रद्धाही येतात, हे मला मान्य आहे. निरुपयोगी टोचणंही पिढ्यान् पिढ्या चालतं आणि कधी फार महागात पडतं. चाळण लावायची ती नंतर, मोठं झाल्यावर. पण घेण्याचं दार आधी उघडं लागतं.

हे दार माणसात किती उघडं असतं, आणि म्हणून माणूस किती परावलंबी, हे बघायचं तर चैत्र-वैशाखात आपल्याच सोसायटीतल्या झाडावर कान ठेवा. कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते. पिल्लू कावळ्यांच्या चोचीतून खातं, कावळ्यांचा कलकलाट ऐकत वाढतं, स्वतःच्या आईबापांशी त्याचा काही संबंध येत नाही. तरी नर मोठा होऊन कोकिळेच्या कुळातलीच साद घालतो. गाणं तो बरोबर घेऊन आलेला असतो. याच्या शेजारी अकबराने सोळाव्या शतकात केलेला तो क्रूर प्रयोग ठेवा. माणसाची मूळ भाषा कोणती हे बघण्यासाठी त्याने तान्ह्या मुलांना बोलक्या माणसांपासून तोडून, न बोलणाऱ्या दायांच्या हाती वाढवलं. काही वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांना एकही शब्द येत नव्हता. कोकिळेच्या पिल्लाला चुकीच्या घरात टाकलं तरी ते कोकीळच होतं. माणसाच्या पिल्लाभोवती माणसं नसली तर त्याच्यातलं माणूसपण उमलत नाही. आपल्या बुद्धीचा आपण अभिमान बाळगतो, पण ती आपल्याला एकट्याने मिळवता येत नाही, हे त्या अभिमानात फारसं येत नाही.

मग कावळा मूर्ख का? दुसऱ्याचं पिल्लू पोसतो म्हणून? मी तसं म्हणणार नाही. हाच कावळा माणूस ओळखतो, हे बाजारातल्या कुठल्याही कोळणीला विचारा. कोण दगड भिरकावते आणि कोण माशाची आतडी टाकते हे त्याला पक्कं माहीत असतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक भेसूर मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे ओरडत अंगावर येत, आणि वर्षांमागून वर्षं ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. जे कधी पकडलेच गेले नव्हते तेही ओरडत होते, नंतर जन्मलेलेसुद्धा. तिथला कावळा आपल्या गावकावळ्याहून वेगळ्या जातीचा, पण कूळ एकच. शत्रूचा चेहरा तो स्वतः शिकतो आणि दुसऱ्यांकडूनही शिकतो. घरट्यातल्या पिल्लाचा चेहरा मात्र तो तपासत नाही. कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याची पिल्लं बाहेर ढकलत नाही, त्यामुळे फसवणूक झाली तरी कावळ्याचं घर सगळंच बुडत नाही. उलट, संशयाने आपलंच पिल्लू टाकून दिलं तर नुकसान मोठं. आपण शाळेतल्यासारखे प्राण्यांना नंबर लावतो: चिंपांझी पहिला, डॉल्फिन दुसरा, कावळा अमका. ती सवय मला चुकीची वाटते. प्रत्येक जातीला तिच्या जगण्याने काही प्रश्न विचारलेले असतात आणि तेवढ्यांची उत्तरं ती चोख देते.

मिठागरात हिवाळ्यात छोटे टिलवे उतरतात. चिमणीएवढा जीव, वजन पंचवीस-तीस ग्रॅम. उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियाच्या ओसाड प्रदेशात त्यांची वीण होते. या पाणपक्ष्यांत बहुधा आईबाप आधी निघून येतात आणि पिल्लं मागाहून, स्वतःची स्वतः. दोन-अडीच महिन्यांचं पोर, पूर्वी न पाहिलेल्या वाटेने, हजारो किलोमीटर ओलांडून येतं. त्याला दिशा कोणी सांगितली? डच संशोधक पर्डेक यांनी १९५८ मध्ये याचं थोडं उत्तर दिलं. त्यांनी हेग शहराजवळ स्थलांतरात असलेल्या सुमारे ११ हजार मैना-कुळातल्या पक्ष्यांना पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेलं आणि तिथे सोडलं. अनुभवी पक्ष्यांनी चूक ओळखली, दिशा बदलली आणि आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे, इंग्लंड-उत्तर फ्रान्सच्या बाजूला गेले. पहिल्याच प्रवासातली पिल्लं मात्र ठरलेल्या दिशेने तशीच उडत राहिली आणि स्पेनपर्यंत पोचली. पहिला प्रवास जन्माने मिळालेल्या दिशेवर, पुढचे अनुभवाने मिळालेल्या नकाशावर. उपजत काय आणि शिकलेलं काय यांच्यात भिंत उभी करून चालत नाही. एकाच पाखराच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षात दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं.

आता मला सगळ्यात जास्त भावलेल्या संशोधनाकडे येतो, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलं आहे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात शिकवणारे मिलिंद वाटवे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वेड्या राघूचा अभ्यास केला. तारेवर बसून माश्या पकडणारा हा हिरवा पक्षी आपल्याकडेही दिसतो. मातीच्या कडेला बीळ करून तो घरटं करतो. पिल्लांसाठी चोचीत किडा धरून तो येतो, पण समोर माणूस असला की बिळात शिरत नाही. कारण शिरला तर घरट्याची जागा उघड होते. इथवर काही नवल नाही. पण या मंडळींनी माणसाला अशा ठिकाणीही उभं केलं जिथून राघू त्याला दिसतो, अंतर तेवढंच असतं, मात्र मधे आडोसा असल्यामुळे त्या माणसाला बीळ दिसत नाही. तेव्हा राघू बिनदिक्कत आत शिरतो. म्हणजे ‘माणूस आहे की नाही’ एवढंच तो बघत नाही. ‘त्याला तिथून माझं घर दिसतं का’ हेही बघतो. २००२ मध्ये हे काम ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात छापून आलं. मोठी यंत्रं नाहीत, परदेशी प्रयोगशाळा नाही. कॉलेजातल्या मुलामुलींनी उन्हात उभं राहून धीराने केलेल्या नोंदी. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाने हा प्रयोग वर्गात सांगायला हवा.

अर्थात राघूच्या डोक्यात नेमकं काय चालतं यावर वाद होऊ शकतो, आणि व्हावा. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणं त्याला जमतं, की अमुक कोनातला माणूस धोक्याचा असतो एवढंच तो अनुभवाने शिकला आहे? सावधगिरीचं कारण इतिहासात आहे. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवत असे. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं. उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याच्या नकळत त्याच्या मानेत, चेहऱ्यावर जी बारीक हालचाल होई ती बघून घोडा थांबत असे. मालकाला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. आपल्याकडे नंदीबैलवाले हे जाणून आहेत. गुबूगुबू वाजवत दारात येणारा तिरमली प्रश्न विचारतो आणि नंदी मान हलवतो, त्यामागे मालकाचा हात, आवाज, दोरी आणि वर्षांची तालीम असते. घोडा आणि बैल, दोघांनाही प्रश्न कळत नाही. पण माणूस कळतो. किती बारकाईने! घोड्याची फजिती झाली असं तेव्हा लोक म्हणाले. मला त्या घोड्याचं लक्ष देणं गणितापेक्षा मोठं वाटतं. वर्गातल्या चाळीस मुलांनी माझ्याकडे एवढं बघावं अशी माझी किती इच्छा होती.

रस्त्यावरची कुत्रीही हेच करतात. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्र आणि त्यांच्या चमूने मोकळ्या कुत्र्यांसमोर दोन वाट्या ठेवून एकीकडे बोट दाखवलं. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बरेच कुत्रे जवळच आले नाहीत, पण जे आले त्यांतले सुमारे ८० टक्के बोटाच्या दिशेने गेले. त्यांना कुणी पाळलेलं नव्हतं, शिकवलेलं नव्हतं. साठ फुटी रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे मी हल्ली याच नजरेने बघतो. आपण त्यांच्याकडे लक्ष देत नाही तेव्हाही ते आपल्याकडे लक्ष देत असतात.

आणि आपण? आपणही प्राण्यांचं मन वाचू पाहतो, कधी फार वेगळ्या कारणाने. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवायला उशीर झाला की घरातली माणसं हात जोडतात. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते आठवून शब्द देतात: मुलीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू, भांडण मिटवू. मग सगळे मागे सरतात आणि कावळा येतो. कावळ्याला बहुधा माणसं मागे सरण्याचीच वाट होती. पण त्या वेळात एका पाखराच्या मनाचा विचार करता करता माणसं एकमेकांना जी वचनं देतात, ती मी पाळली गेलेली पाहिली आहेत. समोरच्या जिवाला मन आहे असं धरून चालण्याची ही खोड आपल्यात फार खोल आहे. शास्त्रज्ञाला ती आवरावी लागते. पण ती मुळात नसती तर राघूच्या बिळासमोर आडोसा उभा करण्याचं कुणाला सुचलं असतं?

एक गोष्ट मात्र मला खास माणसाची वाटते, आणि ती माझ्या व्यवसायाची आहे म्हणून तिच्याबद्दल थोडं जपून लिहितो. शिकवणं. प्राण्यांत ते अगदीच नाही असं नाही. मांजर पिल्लांपुढे अर्धमेला उंदीर आणून सोडते, हे आपण घरीच पाहतो. कलहारीच्या वाळवंटातला मिरकॅट, आपल्या मुंगसाच्या कुळातला, पिल्लांना विंचू खायला शिकवतो: लहान असताना मेलेला विंचू देतो, मग नांगी काढलेला, मग जिवंत. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकॉलिफ यांनी २००६ मध्ये हे मांडलं. पण त्यांनी ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून बघितलं तेव्हा कळलं की मोठे मिरकॅट पिल्लाच्या ओरडण्यावरून धडा ठरवतात. पिल्लू लहानच असलं तरी मोठ्या पिल्लाचा आवाज ऐकवला की जिवंत विंचू येतो. पिल्लाला काय जमतं आणि काय नाही हे पाहून ते धडा ठरवत नाहीत. चांगला शिक्षक तेवढंच पाहत असतो. मुलाच्या चुकीकडे बघून, ती कुठून आली असेल याचा मनात माग काढत तो पुढचं वाक्य बोलतो. हे मला जमलेल्या तासांची आठवण अजून सुखावते.

आणखी एक. दुसऱ्या जातीला गुरू करण्याची हौसही माणसालाच. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर टीका लिहिली. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कबुतर, कोळीकीटक, कुंभारीण माशी. त्या यादीत विद्वान माणसं जवळजवळ नाहीत. सोळाव्या शतकात पैठणच्या एका संताला मराठी श्रोत्यांपुढे हे सविस्तर मांडावंसं वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता पुन्हा भरतीकडे, कारण माझी चिंता तिथे आहे. भाईंदर पश्चिमेला आज जी मुलं वाढताहेत त्यांतली बरीच खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, उधाण, भांग, आकृतीसह सगळं मुलं पाठ करतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. त्यांना विचारा, आज भरती किती वाजता? एकालाही सांगता येत नाही. त्यांच्या आईबापांनाही नाही. पावसाळ्यात ‘साडेचार मीटरची भरती’ अशी सूचना मोबाइलवर येते तेव्हाच समुद्र शेजारी आहे हे आपल्याला आठवतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, भरती होती, पाण्याला जायला वाट नव्हती. ज्या खाजणांत, मिठागरांत उधाणाचं पाणी पसरायचं त्यांवर आपण भराव टाकत आलो. ज्यांना पाण्याची चाल ठाऊक होती त्यांना कुणी विचारलं नाही.

खेकडा भरती विसरू शकत नाही. बगळ्याला ती विसरून चालत नाही, उपाशी मरेल. आपण मात्र एका पिढीत विसरू शकतो, कारण आपलं शहाणपण अंगात नसतं. ते एकाने दुसऱ्याच्या हाती देण्यावर टिकून असतं. कोळीबाबांचा नातू दुसऱ्या धंद्याला लागला आणि त्याने पाऊणपट विचारली नाही, तर शेकडो वर्षांची ती कमाई एका मरणाबरोबर संपते, बगळ्याच्या कमाईसारखीच. हे कुठे दूर घडणार नाही. राईपासून उत्तनपर्यंतच्या घराघरांतून आज घडतं आहे.

म्हणून शिक्षकांना आणि आईबापांना एक विनंती. धडा शिकवा, पण एका अष्टमीला आणि एका पुनवेला मुलांना खाडीवर न्या. आधी कॅलेंडरवर तिथी बघून पाऊणपट त्यांनाच करू द्या, मग घड्याळ घेऊन पाणी तपासू द्या. जमलं तर बिळातला खेकडा आणि उभा बगळाही दाखवा. आणि उत्तन-पालीला हा हिशेब जाणणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याशी मुलांची गाठ घालून द्या. यंदाच घाला, पुढच्या वर्षावर ढकलू नका.